अष्टमीचा शनिवार

मुंबईत ज्याने पहिल्यांदा शिडाची बोट घेतली, त्याची पहिली मोठी सफर कुठे होणार हे विचारावे लागत नाही. गेटवेवरून मांडवा. सरळ रेषेत सात-साडेसात सागरी मैल, म्हणजे तेरा-चौदा किलोमीटर. बोट चार-पाच नॉटने चालली तर दोन तासांत पोहोचायचे, मासळीचे जेवण हाणायचे, दुपार कलली की निघायचे आणि दिवे लागायच्या आत परत. नवा मालक हा हिशेब कागदावर मांडतो, दोन मित्रांना फोन करतो आणि तिसऱ्याला बर्फ आणायला सांगतो. हिशेबात चूक काहीच नसते. तो फक्त अर्धा असतो, जाण्यापुरता.

मांडवा गेटवेच्या दक्षिणेला आहे, किंचित पूर्वेकडे झुकून. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारचा वारा येतो वायव्येकडून. जाताना तो पाठीशी असतो, त्यामुळे बोट कलत नाही, पाणी अंगावर येत नाही, गप्पा रंगतात. शिवाय वाऱ्याच्या दिशेने चालणाऱ्याला वाऱ्याचा जोर कमीच भासतो. जेवण आटोपून बोटीचे तोंड उत्तरेकडे वळवले की तोच वारा थेट चेहऱ्यावर येतो, आणि त्याचा जोर एवढा आहे याचा तेव्हा पत्ता लागतो.

शिडाची कोणतीही बोट वाऱ्याच्या तोंडात सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते. सात मैलांचे नऊ-दहा मैल होतात. साडेचार नॉटने पाणी कापणारी बोट घराच्या दिशेने तासाला साडेतीन मैलही सरकत नाही. त्यात ओहोटी लागलेली असेल आणि पाणी दोन नॉटने दक्षिणेकडे धावत असेल, तर उरतात तासाला सव्वा-दीड मैल. दोन तासांचा रस्ता पाच-सहा तासांचा होतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि नव्या मालकाने अंधारातले बंदर अजून पाहिलेले नसते.

हे टाळायला महागडे उपकरण लागत नाही. भिंतीवरचे कालनिर्णय पुरते.

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आडाखा असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. दिवसातून दोनदा, आणि दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी. चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे मागे पडते आणि पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटे, म्हणून हे गणित जमते. ते मिनिटांपर्यंत बरोबर येत नाही. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत, मोबाइलवरही ती सहज मिळतात. पण आडाख्याचा फायदा असा, की तो डोक्यात राहतो आणि त्याची बॅटरी उतरत नाही.

आता दोन शनिवार घेऊ. पौर्णिमेच्या शनिवारी दुपारी बाराला पूर्ण भरती. सकाळी निघालात तर जाताना पाणी विरुद्ध. दुपारी दोनला परत फिरलात तर ओहोटी लागलेली, तीही उधाणाची. म्हणजे वाराही विरुद्ध आणि पाणीही. अष्टमीच्या शनिवारी सकाळी सहाला भरती भरते. आठला निघालात तर ओहोटी मांडव्याकडे ढकलते. बाराच्या सुमारास पाणी थांबते, जेवण होते, आणि एकनंतर भरतीचे पाणी बोटीला घराकडे न्यायला लागते. वर अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याची उठबस कमी आणि प्रवाह मवाळ. एक गोष्ट मात्र पत्करावी लागते: वारा समोरून आणि पाणी पाठीमागून असले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, नाळेवर फटके बसतात, कपडे भिजतात. पण बोट पुढे जाते. भिजलेल्या पाहुण्याला चहा देता येतो. खांदेरी बेटाच्या दिशेने मागे वाहत चाललेल्या पाहुण्याला काय द्यायचे?

पंचांगाइतकाच भरवशाचा आहे वारा, निदान ऑक्टोबर ते मे. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, ते इथे प्रत्यक्ष भेटतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. दहा-अकराच्या सुमारास तो मरतो. मग तास-दीड तास शीड धुण्यासारखे लोंबत राहते. नवा मालक इथे हमखास इंजिन सुरू करतो. मग जमीन तापते आणि वायव्येकडून खारा वारा उठतो, आधी क्षितिजावर एक गडद निळी रेघ म्हणून, मग गालावर. तीन-चारच्या सुमारास त्याचा जोर सर्वाधिक असतो. पाण्यावर जागोजागी पांढरे फेस दिसू लागले की वारा अकरा-बारा नॉटच्या पुढे गेला असे समजावे. शीड कमी करायचे ते याच वेळी, सगळीकडे घोडे उधळल्यासारखे पांढरे दिसू लागल्यावर नाही. शीड कमी करावे का असा प्रश्न मनात आला, की ते कमी करण्याची वेळ होऊन गेलेली असते, असे जुने दर्यावर्दी म्हणतात, आणि या एका बाबतीत त्यांच्यात दुमत नसते.

पावसाळ्यात मनोरंजनाची बोट पाण्यात नसावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते, कोळी आपल्या होड्या ओढून, शाकारून ठेवतात, गेटवे-मांडवा लाँचही बंद होतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या पुन्हा लोटायच्या, ही नुसती श्रद्धा नाही, ते वेळापत्रकही आहे. पण ऑक्टोबर ते मे हा हंगाम म्हणजे निर्धास्त हंगाम असेही नाही. अरबी समुद्रातली वादळे याच हंगामाच्या दोन टोकांना येतात. ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेले ते १७ मे २०२१ रोजी, आणि त्याच वादळात नांगर तुटून वाहवत गेलेला पी-३०५ हा बार्ज बुडाला. बंदरात बावटा लावतात तो याचसाठी. वर्तमानपत्रात ‘तीन नंबरचा बावटा’ असे वाचले, की बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे असा त्याचा अर्थ. त्या दिवशी बर्फ आणणाऱ्या मित्राला घरीच बोलवावे. रोजच्या रोज हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चा लाटांचा अंदाज पाहायला पाच मिनिटे पुरतात.

बोट कोणती घ्यावी यावर क्लबच्या व्हरांड्यात रात्र सरते. त्यातले कामाचे थोडेच. पहिली बोट वापरलेली असावी, आणि वाटते त्यापेक्षा लहान. मुंबईत दिसणारी जे-२४ ही १९७७ सालची रचना, लांबी सात मीटरच्या थोडी वर, तळाची कील पाण्याखाली सव्वा मीटर. चार-पाच जणांना ती पुरते. फायबरच्या बोटीवर बोटाच्या पेराने टकटक करत फिरावे. टणत्कार येता येता एखाद्या जागी पिचका, बसका आवाज आला तर आतला थर ओला झालेला असतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा दहाएक वर्षांच्या झाल्या असतील तर दिसायला कितीही चकचकीत असोत, बदलायच्या. आणि खरेदीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीला बाजूला काढायचे. हा ढोबळ नियम आहे, पण मुंबईचे खारे, कोमट, शिंपल्यांनी बुजबुजलेले पाणी तो फारसा खोटा पडू देत नाही. तळाला रंग दिला नाही तर एका हंगामात त्यावर अशी दाढी उगवते, की बोट निम्म्या वेगाने चालू लागते आणि मालक शिडाला दोष देतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बोटीची ओळख. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी परत आले. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ ही ५६ फुटी बोट गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली, आणि ती बांधली जात असताना दोंदे तिथे होते. कोणता बोल्ट कुठे बसला, कोणती वायर कोणत्या पॅनलच्या मागून गेली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्याआधी ते ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे हाताखाली काम करून आले होते. म्हणजे जगप्रदक्षिणेच्या तयारीचा मोठा भाग समुद्रात नाही, तर हातात पाना घेऊन गेला. मांडव्याला जाणाऱ्याला बोट बांधायची गरज नाही. पण एक रविवार बोट जागेवरच बांधलेली असताना घालवावा. तळाच्या पाण्याच्या झडपा कुठे आहेत ते शोधावे, त्या हाताने फिरवून पाहाव्यात (निम्म्या जाम झालेल्या निघतात), नांगराची दोरी पूर्ण बाहेर काढून मोजावी आणि तिचे दुसरे टोक बोटीला खरोखर बांधले आहे ना हे बघावे. शेवटची सूचना हास्यास्पद वाटते. नांगर आणि चाळीस मीटर दोरी सरसर पाण्यात जाताना पाहिलेल्याला ती तशी वाटत नाही.

शीड हाकायला शिकायचे असेल तर मात्र या बोटीवर नाही, डिंगीत शिकावे. लहान डिंगी उलटते, आणि तिचा सगळा गुण त्यातच आहे. चूक केली की लगेच पाण्यात; शिक्षा ताबडतोब आणि सौम्य. जगभर मुले ज्या ‘ऑप्टिमिस्ट’ बोटीत शिकतात ती १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी काढली, जेमतेम २.३ मीटरची, प्लायवूडच्या पेटीसारखी दिसणारी. मोठ्यांसाठी थोडी मोठी डिंगी घ्यावी. चाळिशीतल्या गृहस्थाने पोरांसमोर पाच वेळा पाण्यात पडणे अवघड जाते खरे, पण वाऱ्याची झुळूक मानेच्या कोणत्या बाजूला लागते हे सात मीटरच्या बोटीवर कळायला दोन हंगाम जातात, डिंगीत दोन दिवस.

आता खोली. मुंबईत उधाणाला पाण्याच्या पातळीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. गोव्यात तो साधारण दोन मीटर. म्हणजे मुंबईत सकाळी ज्या जागेवरून ऐटीत गेलो, तिथे दुपारी चिखल आणि त्यावर बगळे असू शकतात. पाणी उतरते तेही सारख्या गतीने नाही. सहा तासांच्या ओहोटीचे बारा हिस्से केले, तर पहिल्या तासात एक हिस्सा उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. चार मीटरच्या फरकाला तिसऱ्या आणि चौथ्या तासात दर तासाला पूर्ण एक मीटर पाणी जाते. पाच मिनिटांत आठ सेंटीमीटर. त्या वेळी घारापुरीजवळच्या गाळात कील रुतली, तर ‘आधी बघू या काय करायचे’ असे म्हणायला सवड नसते. लगेच शीड सैल सोडायचे, सगळ्यांना एका कडेला, जमल्यास बूमवर ओणवे पाठवायचे. बोट कलली की कील उचलली जाते आणि बहुधा तेवढ्याने सुटका होते. नाही झाली तर सहा-सात तास तिरक्या बोटीत बसायचे. गाळात तेवढेच. खडकावर मात्र गोष्ट वेगळी. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली एक स्पीडबोट पाण्याखालच्या खडकावर आदळून बुडाली आणि एकाचा जीव गेला. किनाऱ्यावरच्या उंच इमारती दिसत होत्या, इतक्या जवळ.

सागरी नकाशे डेहराडूनचे राष्ट्रीय जलालेखन कार्यालय काढते. त्यांवरची खोली जवळपास सर्वांत नीच ओहोटीची असते, म्हणून नकाशातल्या आकड्यात भरतीची उंची मिळवायची. मोबाइलवरचा नकाशा सोयीचा, पण त्यात एक खोड आहे: चित्र लहान केले की बारीक खडक दिसेनासे होतात. बोटाने चित्र मोठे करत संपूर्ण मार्ग एकदा घरी पाहून घ्यावा.

नांगराचा हिशेबही भरतीशीच बांधलेला आहे. ओहोटीला तीन मीटर पाण्यात थांबलात, पाण्यापासून नाळ एक मीटर वर, एकूण चार. त्याच्या पाचपट, म्हणजे वीस मीटर दोरी सोडली की नांगर आडवा ओढला जातो आणि गाळ धरतो. पण उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटर चढले की हीच बेरीज आठ होते आणि दोरी लागते चाळीस मीटर. वीसच सोडलेली असेल तर नांगर उभा उचलला जातो, आणि जेवून परतलेल्या मंडळींना बोट दुसऱ्याच कुणाच्या बोटीला टेकलेली सापडते.

या सगळ्यात नवा मालक ज्याला सर्वांत जास्त घाबरतो ते म्हणजे जहाज, आणि ते योग्यच आहे. न्हावा-शेव्याला येणारी कंटेनर जहाजे तीनशे मीटरहून लांब असतात. त्यांना खोदलेल्या मार्गाबाहेर जाता येत नाही आणि चटकन थांबताही येत नाही. समोर रचलेल्या कंटेनरमुळे नाळेपुढचा ५०० मीटरपर्यंतचा समुद्र कप्तानाला दिसला नाही तरी ते नियमात बसते. शिडाच्या बोटीला इंजिनाच्या बोटीने वाट द्यायची, हा नियम पाठ करून आलेले लोक इथे फसतात, कारण अरुंद जहाजमार्गात तो उलटा होतो: शिडाच्या आणि वीस मीटरहून लहान बोटींनी जहाजाची वाट अडवायची नाही. मार्ग काटकोनात, लवकरात लवकर ओलांडायचा. बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला, हिरव्या उजव्या हाताला. टक्कर होणार की नाही हे ओळखायची युक्ती सोपी आहे. आपल्या बोटीवरच्या एखाद्या खांबाच्या रेषेत जहाज धरून ठेवायचे आणि दोन मिनिटे जागेवरून न हलता, दिशा न बदलता पाहायचे. ते खांबाच्या पुढे किंवा मागे सरकले तर ठीक. जागच्या जागी राहून नुसतेच मोठे होत गेले, तर दिशा बदला, आणि अशी ठळक बदला की तिकडच्यांना ती दिसावी. बारा नॉटने येणारे जहाज पाच मिनिटांत एक सागरी मैल कापते.

जाळी मात्र आकाराने छोटी आणि त्रासाने मोठी. डोल जाळ्याच्या बोया, कधी एखादा डबा, कधी काठीला बांधलेले काळे फडके. बोया आणि होडी यांच्यामधून जाऊ नये. पंख्यात दोरी अडकली तर दोघांचेही नुकसान, आणि जाळे हे तांडेलाचे भांडवल असते. लांबून हात केला की कोळी बहुधा हातानेच वाट दाखवतात.

लाईफ जॅकेट या विषयावर फार बोलण्यासारखे काही नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. हवा स्वच्छ होती, दुपारची वेळ होती, जागा बंदरातली. अनेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हते. त्यानंतर गेटवेवर ते घालणे सक्तीचे झाले. बाकाखाली दोरीने गठ्ठा करून ठेवलेले जॅकेट हे बोटीचे वजन असते, एवढेच.

माणूस पडलाच, तर एकाने ओरडायचे आणि हात त्याच्याकडे रोखून उभे राहायचे. त्याचे काम तेवढेच; नजर हलवायची नाही. अर्धा मीटर उंचीच्या लाटांमध्ये माणसाचे डोके पन्नास मीटरवरही हरवते. हे घरी खोटे वाटते, म्हणून एकदा नारळ पाण्यात टाकून तो परत उचलायचा सराव करावा. पहिल्या तीन वेळांत नारळ सापडला तरी खूप. व्हीएचएफ रेडिओचा १६ नंबरचा चॅनेल सुरूच ठेवायचा. तटरक्षक दलाचा फोन नंबर १५५४. संकटात ‘मेडे’ तीनदा, मग बोटीचे नाव, मग जागा. जागा आधी लिहून ठेवलेली असेल तर उत्तम, कारण त्या क्षणी अक्षांश वाचताना लोकांची जीभ अडखळते.

इंजिनाबद्दल एकच, मुंबईपुरते: इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडते आहे की नाही हे दर दहा मिनिटांनी बघायचे. धार बारीक झाली तर बहुतेक वेळा प्लास्टिकची पिशवी पाणी आत घेणाऱ्या तोंडात अडकलेली असते.

तर अष्टमीच्या शनिवारी, दुपारी एकला मांडव्याहून निघालेली बोट चार-साडेचारच्या सुमारास गेटवेसमोर येते. सगळे भिजलेले, एकाला मळमळते आहे, आले चघळणे चालू आहे. मुंबईत धक्क्याला बोट बांधून ठेवायची सोय फारशी नाही. ती भर पाण्यात मूरिंगच्या बोयाला अडकवायची. भरती अजून चढते आहे, म्हणून शेजारच्या सगळ्या बोटी दक्षिणेकडे तोंड करून उभ्या आहेत. त्या पाहून पाण्याची दिशा कळते. नवा मालक उत्तरेकडे थोडा पुढे जातो, वळतो आणि पाण्याच्या तोंडावर, मोठे शीड उतरवून, हळू बोयाकडे येतो. नाळेवर मित्र आकडी घेऊन पालथा पडलेला. बोया दोन हातांवर असताना बोट थांबते आणि मागे वाहू लागते. पुन्हा फेरी. दुसऱ्या वेळी वेग जास्त होतो, बोया बाजूने निघून जातो, मित्र शिवी देतो. तिसऱ्या वेळी आकडी दोरीत अडकते, दोरीला हिरवे शेवाळ, हात घसरतात, पण पकड सुटत नाही. शेजारच्या बोटीवरचा खलाशी चहाचा ग्लास हातात घेऊन हे सारे पाहत असतो. दोरी खुंटीला पडल्यावर तो ग्लास किंचित उंच करतो आणि वळून आपल्या कामाला लागतो.